दूध बाधतंय, ठेचा पचतोय : शाहूपुरीतल्या पोटाच्या डॉक्टरांबद्दल

पाचपैकी चार तारे. कापलेला एक बाहेरच्या टेबलाचा आहे, आत बसणाऱ्या डॉक्टरांचा नाही.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत मेस चालवते. माझ्या मेसलाही पोरं तारे देतात. ‘रस्सा पातळ’ एवढं लिहून एक तारा ठेवून मोकळी होतात. कुठल्या वारचा रस्सा, तांबडा का पांढरा, काही पत्ता नाही. वाचून मी सुधारायचं काय? म्हणून इथं मी सगळं तपशिलात लिहिणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचावं: पोटात वरच्या बाजूला दुखतंय, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतायत आणि घरचे ‘मनाचं आहे’ म्हणायला लागलेत, तर इथं जा. सकाळ मोकळी ठेवून जा.

आता दुखणं. उजव्या बरगडीखाली, जरा मधल्या अंगाला. बहुतेक वेळा रात्री, जेवून सगळं आवरून आडवं झालं की सुरू. हळूहळू चढायचं आणि वर जाऊन तिथंच थांबायचं. मुरड येते आणि जाते, तसं नाही. एकदा चढलं की तास-दोन तास हलायचं नाही. मागं उजव्या खवाट्यात ओढ लागायची, मळमळायचं. उठून बसा, कुशी बदला, गॅलरीत फेऱ्या मारा, संडासला जाऊन या, काही फरक नाही. मग आपलं आपणच उतरायचं आणि पहाटे मी पुन्हा कणकेच्या परातीसमोर. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला वाटावं, हिला काय झालंय? सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रात्र जायची. नंतर आठवड्याला यायला लागलं.

दीड-दोन वर्षं हे चाललं. या काळात कोणाकोणाकडं गेले त्यांची नावं लिहीत नाही, कारण कोणी वाईट नव्हतं. छातीची पट्टी काढली, बरोबरच होतं, या वयात वरच्या पोटातलं दुखणं हृदयाचंही असू शकतं. दुर्बीण घालून जठर बघितलं, अल्सर नाही. सोनोग्राफ्या झाल्या, प्रत्येकीवर तेच वाक्य : पित्ताशय नॉर्मल, खडा नाही. एकांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, रात्री थंड दूध घेत जा. एकांनी पाळी जायच्या वयावर ढकललं. एकांनी झोपेची गोळी लिहिली. आणि सोयरेधायरे, शेजारीपाजारी, गॅस सिलिंडर आणून देणारा, सगळ्यांचं एकच मत : तिखट सोड.

कोल्हापुरात मेस चालवणाऱ्या बाईला तिखट सोड म्हणणं सोपं आहे. मी सोडलं. तांबडा रस्सा फक्त चवीपुरता चमचाभर जिभेवर. स्वतःच्या वाटीत पांढरा, कारण तो सौम्य. आणि रात्री दूध, तेही कसलं? मालक गंगावेशीतनं आणायचे. तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात. तेच दूध घरी, साय न काढता, गार करून. सगळं पथ्य पाळून दुखणं वाढतच चाललं होतं.

शेवटी मेसमधल्या एका मेडिकलच्या पोरीनं या डॉक्टरांचं नाव सांगितलं. म्हणाली, “काकू, ते विचारतात खूप. कंटाळू नका.”

खरंच विचारतात. माझी रिपोर्टांची पिशवी त्यांनी उघडलीच नाही आधी, बाजूच्या खुर्चीवर ठेवली. म्हणाले, “हे नंतर बघतो. शेवटचं दुखलं त्या रात्री काय जेवला होता ते सांगा.”

“पांढरा रस्सा-भात. तिखट नव्हतं काही.”

“पांढऱ्यात काय काय घालता?”

मला वाटलं, सहज विचारतायत. सांगितलं : मटणाचा अळणी रस्सा, नारळाचं दाट दूध, तीळ, खसखस, काजू, वरनं तुपात खडा मसाला. ते लिहून घेत होते. मग विचारलं, ठेचा-भाकरीनं कधी दुखलंय का? आठवून बघितलं. नाही. झुणक्यानं? नाही. मिसळीनं? मिसळीनं दुखलं होतं, पण कट जास्त घेतला त्या दिवशी. “आणि दूध?” मी म्हटलं, दूध तर औषध म्हणून घेते. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसले. चेष्टेनं नाही, पण हसले.

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. यकृत दिवसाला अर्धा लिटरहून जास्त पित्त तयार करतं. त्यातलं काही पित्ताशयात साठून घट्ट होतं. पित्ताशय केवढं, तर तीस ते पन्नास मिली मावेल एवढी पिशवी. जेवणातली चरबी लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचली की तिथून एक हार्मोन सुटतं, त्याला थोडक्यात सीसीके म्हणतात. ते पित्ताशयाला सांगतं, आवळ. लिंबू पिळल्यासारखं ते आवळतं आणि पित्त आतड्यात उतरतं. हा हुकूम मुख्यतः चरबीवर सुटतो. मिरचीनं जीभ भाजेल, जठरात आग पडेल, पण पित्ताशयाला पिळायला लावते ती चरबी. म्हणजे नारळाचं दूध, तूप, साय, कटावरचं तेल. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के चरबी, गाईच्या जवळजवळ दुप्पट. मी औषध म्हणून रोज रात्री त्या पिशवीला कामाला लावत होते.

एवढं झाल्यावर तपासणी. त्यातल्या दोन गोष्टी याआधी माझ्या अंगावर कोणी केल्या नव्हत्या. उजव्या बरगडीखाली बोटं रुतवून खोल श्वास घ्यायला लावला. पित्ताशयाला सूज असेल तर श्वास मध्येच अडकतो म्हणे. माझा अडकला नाही, थोडं दुखलं एवढंच. मग दुखऱ्या जागेवर दाब ठेवून म्हणाले, उशीवरनं डोकं उचला. पोटाच्या भिंतीचा स्नायू दुखत असेल तर तेव्हा दुखणं वाढतं, आतलं असेल तर वाढत नाही. वाढलं नाही. मशीन नाही, पैसे नाहीत, मिनिटभराचं काम, आणि एक शक्यता खोडून झाली.

पिशवी तेव्हा उघडली. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले आणि म्हणाले, “यात खडा नाही हे दिसतंय. पण यातले बहुतेक फोटो पित्ताशय आराम करत असतानाचे आहेत. ते काम करतं तेव्हा काय होतं, ते कुणी बघितलेलं नाही.”

पुढच्या तपासण्या त्यांनी स्वस्तापासून महागाकडं लावल्या, हे मला आवडलं. पहिली फुकटातली. पुढच्या वेळी दुखेल तेव्हा, दुखत असतानाच, जवळच्या दवाखान्यात जाऊन यकृताचं आणि स्वादुपिंडाचं रक्त द्यायचं. एखादा बारीक खडा पित्ताच्या नळीतनं सरकत असेल तर त्या वेळच्या रक्तात आकडे वाढलेले सापडू शकतात, चार दिवसांनी दिलं तर खाली आलेले असतात. मालकांनी मध्यरात्री गाडी काढली. रक्त नॉर्मल आलं. मी हिरमुसले, पण डॉक्टरांच्या दृष्टीनं तीही एक खोडलेली शक्यताच होती.

दुसरी तपासणी म्हणजे चरबी खाऊ घालून सोनोग्राफी. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला माहीत असलेल्यांपैकी कोणीही ही ऐकलेली नव्हती. सोनोग्राफीचं सेंटर वेगळं आहे, क्लिनिकपासून चालत जाता येतं. रात्री साडेनऊनंतर पाण्याशिवाय काही नाही, सकाळी पहिला नंबर. उपाशी पोटी पित्ताशय भरलेलं असतं, खाल्लं की आकसतं, आणि आकसलेल्या पिशवीत बारीकसारीक दिसत नाही. माझी आधीची एक सोनोग्राफी दुपारी, जेवणानंतर झालेली होती, आणि तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं.

तिथल्या मॅडमनी आधी उताणं झोपवून बघितलं, मग डाव्या कुशीवर, मग चक्क उभं करून. खडा असेल तर कुशी बदलली की घरंगळतो, पित्ताशयाच्या मानेत, म्हणजे त्याच्या निमुळत्या तोंडाशी, लपलेला असेल तर असा बाहेर येतो. नव्हता. मग लांबी, रुंदी, खोली मोजली. तिन्हींचा गुणाकार आणि गुणिले 0.52, असा हिशेब मी विचारल्यावर त्यांनी कागदावर करून दाखवला. 34 मिली आलं. त्यानंतर मला सोबत आणायला सांगितलेला डबा उघडला : तीनशे मिली म्हशीचं दूध आणि दोन्ही बाजूंनी लोणी लावलेला पाव. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून लोणी खाल्लं.

अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं. पिशवी जवळजवळ तेवढीच. बाहेर बाकावर बसले आणि थोड्या वेळानं ते ओळखीचं दुखणं चढायला लागलं. तीच जागा, तोच खवाटा. गंमत अशी की मला बरं वाटलं. इतक्या तपासण्यांत एकदाही ते वेळेवर हजर राहिलं नव्हतं. मॅडमनी आत घेतलं, तासाचं माप घेतलं. 28 मिली. 34 मधले 6 गेले, म्हणजे जेमतेम 18 टक्के. चांगलं पित्ताशय एवढ्या लोण्यादुधानंतर बऱ्यापैकी रिकामं व्हायला पाहिजे होतं. त्यांनी रिपोर्टात ‘चाचणीदरम्यान रुग्णाला नेहमीची वेदना झाली’ असंही लिहिलं. आकड्यांशिवाय माझ्याबद्दल कोणी काही लिहिलेलं ते पहिलंच वाक्य.

डॉक्टरांनी मात्र लगेच मान डोलावली नाही. म्हणाले, लोण्यादुधानं दुखलं एवढ्यावरनं सिद्ध होत नाही, आतड्याच्या तक्रारी असलेल्यांनाही असं दुखू शकतं. शिवाय मिलिमीटरभराचे खडे किंवा गाळ पोटावरनं केलेल्या सोनोग्राफीत सुटू शकतो. म्हणून गुंगी देऊन आतून, दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी केली, ती त्यांच्याकडंच होते. पित्ताशयात ना खडा ना गाळ, पित्ताची नळी मोकळी, स्वादुपिंड स्वच्छ. या तपासणीतलं मला काही आठवत नाही, त्यामुळं सेवा कशी होती विचारू नका. जाग आली तेव्हा चहा दिला, बिनदुधाचा. एवढं लक्षात ठेवलेलं होतं त्यांनी.

राहिला हायडा स्कॅन, म्हणजे पित्त यकृतातनं कसं उतरतं ते कॅमेऱ्यानं बघायची तपासणी. तो त्यांच्याकडं नाही, चिठ्ठी देऊन पुण्याला पाठवलं. आदल्या रात्री नणंदेकडं मुक्काम केला, कारण किमान चार तास पोट रिकामं लागतं. फार जास्त, चोवीस तासांवर उपाशी राहिलेलंही चालत नाही, पित्त साठून घट्ट होतं आणि चाचणी चुकते. ट्रामाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या आधी बंद ठेवाव्या लागतात, त्या पित्तनळीच्या तोंडाचा स्नायू आवळून धरतात. या सगळ्या सूचना चिठ्ठीमागं मराठीत छापलेल्या होत्या, फोन करून विचारायची वेळ आली नाही. हे छोटं वाटेल, पण इंग्रजी कागद घेऊन मेडिकलवाल्याकडं अर्थ विचारायला जाणाऱ्यांना याची किंमत कळेल.

स्कॅनला हाताच्या शिरेतनं किरणोत्सारी औषध देतात. टेक्नेशियम नावाचं, सहा तासांत त्याचा जोर निम्मा होतो. ते यकृतात जातं, तिथनं पित्तासोबत खाली उतरतं आणि वरचा कॅमेरा ते टिपत राहतो. आपण हलायचं नाही. पडद्यावर आधी यकृत उजळलं, मग नळी, मग पित्ताशय भरत गेलं. भरलं ते व्यवस्थित. नंतर पुन्हा दूध पाजलं आणि पुन्हा कॅमेरा. परदेशात दुधाऐवजी सीसीकेसारखं इंजेक्शन तासभर हळूहळू देतात आणि 38 टक्क्यांच्या खाली रिकामं झालं तर ते कमी धरतात. दुधाच्या चाचणीला तोच आकडा लावायचा नाही, ज्या लॅबची जी पद्धत तिचा तिचा आकडा, हे डॉक्टरांनी मला जायच्या आधीच बजावलं होतं. माझं कुठल्याही हिशेबानं कमीच होतं. त्या दिवशी नणंदेच्या नातवाला मांडीवर घ्यायचं नाही असं तिथं सांगितलं होतं, तेवढं मात्र जड गेलं.

निदान : फंक्शनल गॉलब्लॅडर डिसऑर्डर. जुनं नाव बिलिअरी डिस्कायनेशिया. खडा नाही, गाळ नाही, सूज नाही, पण पित्ताशय नीट रिकामं होत नाही आणि दुखतं. डॉक्टरांनी सांगितलं की पोटविकारांचे ‘रोम’ नावाचे निकष आहेत, 2016 साली ते नव्यानं आले, आणि त्यात पित्ताशयाचं दुखणं कशाला म्हणायचं ते लिहिलंय : वरच्या पोटात मध्ये किंवा उजवीकडं, चढून स्थिर राहणारं, अर्धा तास किंवा जास्त, रोज नाही पण अधूनमधून, काम सोडायला लावणारं, संडासनं, कूस बदलून किंवा ॲसिडिटीच्या गोळीनं न थांबणारं. मी ऐकत राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलेले प्रश्न हेच होते. रिकामं व्हायचं प्रमाण कमी असणं हा त्या निकषांत जोडीचा पुरावा आहे, मुख्य आधार दुखण्याच्या तऱ्हेचाच. म्हणजे अर्धं निदान त्या माणसानं मशीन चालू करायच्या आधी, पांढऱ्या रश्श्याची कृती लिहून घेतानाच केलेलं होतं.

निदान मी कागदावर ठळक लिहून मागितलं. त्यांनी कशाला विचारलं नाही, लिहून दिलं. तो कागद आधी आमच्या जाऊबाईंना दाखवला.

आता बाहेरचं टेबल. नंबर सकाळी आठला फोनवर, आणि आठला फोन लागतच नाही. अकराची वेळ देतात, आत जायला दोन वाजतात. डॉक्टर प्रत्येकाला एवढा वेळ देतात म्हटल्यावर उशीर होणार हे मला कळतं, माझ्या मेसमध्येही भाकरी हातानं थापायची तर रांग लागतेच. पण मग अकराची वेळ देऊ नका ना! टेबलावरची मुलगी “बसा मावशी, होईल” याच्यापुढं काही सांगत नाही. मधुमेहाची म्हातारी माणसं उपाशी ताटकळलेली मी बघितली. पिण्याचं पाणी आहे, ग्लास एकच. लिफ्ट आहे, बंद असते. तपासणीची फी 800 रुपये, ती रोखच घेतात, आणि त्याच काउंटरवर दुर्बिणीचे पैसे मात्र मोबाइलवरनं चालतात. हे कोडं मला सुटलं नाही. पंधरा दिवसांत दाखवलं तर पुन्हा फी नाही. पार्किंगचं विचारूच नका. स्टँडच्या बाजूनं रिक्षा करून या, नाहीतर गाडी लांब लावून चालत या.

एक तारा त्याचा. आत गेल्यावर राग उतरतो हे खरं असलं तरी मी तो परत देणार नाही.

ऑपरेशनबद्दल बरेच जण विचारतील म्हणून लिहिते. डॉक्टर स्वतः ऑपरेशन करत नाहीत आणि त्यांनी घाईही केली नाही. म्हणाले, याच्यात जिवाला धोका नाही, काहींचं काही महिन्यांत कमीही होतं, तोवर चरबी कमी करून बघा. पित्ताशय काढलं तर बहुतेकांना आराम पडतो, तुमच्यासारखं नेमकं दुखणं असणाऱ्यांना जास्त, पण काढूनही ज्यांचं दुखतच राहतं असे लोक आहेत, ते मनाशी धरून ठरवा. तीन सर्जनांची नावं दिली, कोणाकडंही जा म्हणाले. चरबी कमी केली. रात्री शांत जातात, पण सगळ्या नाहीत. ठेचा परत सुरू केलाय. तांबडा वरचं तेल काढून खाते. पांढरा पोरांना वाढते आणि चव मालकांना घ्यायला लावते, त्यांना मीठ कळत नाही, त्यामुळं सध्या मेसच्या ताऱ्यांचं काही खरं नाही.

पित्ताशय काढायचं ठरवलंय. मे महिन्यात, परीक्षा संपून पोरं गावी गेल्यावर. सर्जन वेगळे आहेत, त्यांचे तारे तेव्हा.